हजेरी आणि घोडा : प्रोजेक्टरची नेटवर्क-जोडणी व त्याच्या स्थितीची माहिती

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बख्शी का तालाब हे गाव लागते. आज ते तहसिलीचे ठिकाण आहे. जवळच वायुदलाचा तळ आहे. आणि गावाच्या नावातील तलाव नवाबी अमदानीतील एका बख्शीची आठवण जपून आहे. मराठी वाचकाला 'बख्शी' हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. उच्चाराचे वळण बदलून तो आपल्याकडे 'बक्षी' झाला, आणि महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा केरकर हे तर इतिहासात जिवबादादा बक्षी या नावानेच प्रसिद्ध आहेत. मोगली राज्यव्यवस्थेत बख्शी हा लष्करी खात्याचा अधिकारी. तो रणांगणावरही जाई. परंतु त्याचे मूळ काम हिशेबाचे होते. कोणाच्या पदरी किती स्वार, किती घोडे, ते हजर आहेत की नाहीत, याची नोंद ठेवणे आणि त्या नोंदीच्या आधारे वेतन मान्य करणे, हे त्याचे कर्तव्य. या नोंदीत खोट शिरण्यास वेळ लागत नसे. हजेरीच्या दिवशी उसने घोडे आणले जात, कोणीही माणसे स्वार म्हणून उभी केली जात. म्हणून अकबराच्या कारकिर्दीत घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांच्या 'चेहऱ्या'ची, म्हणजे शारीरिक वर्णनाची, नोंद ठेवण्याची पद्धत काटेकोरपणे अमलात आणली गेली. कागदावरचा घोडा आणि मैदानातला घोडा एकच आहे, एवढेच तिच्यातून सिद्ध करावयाचे होते.

हा प्रश्न आज व्याख्यानगृहाच्या छतापर्यंत येऊन पोहोचला आहे. छताला टांगलेला प्रोजेक्टर नेटवर्कला जोडला की त्याची हजेरी खालून घेता येते. तो जागा आहे की झोपला आहे, त्याचा दिवा किती तास जळला आहे, त्याचा फिल्टर धुळीने भरला आहे काय, हे सारे तो विचारल्यावर सांगतो. साहित्याचा अभ्यासक या कामाकडे सहसा तंत्रज्ञाचे काम म्हणून पाहतो, आणि मोठ्या विद्यापीठाच्या सभागृहात ते तसे असेलही. परंतु शहराच्या सीमेवरील महाविद्यालयात, रविवारच्या चर्चासत्रात, तंत्रज्ञ जागेवर असेलच असे नाही. पडद्यावर जावयाचा मजकूर मात्र अभ्यासकाचा असतो. तो चुकीचा गेला तर त्याची जबाबदारी प्रोजेक्टरवर टाकता येत नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडे. 'प्रक्षेपक' हा शब्द परिभाषाकोशात आहे आणि तो अर्थाने चुकीचा नाही. तथापि वर्गात, चित्रपटगृहात किंवा दुकानात तो कोणी उच्चारीत नाही. सर्वजण प्रोजेक्टरच म्हणतात. 'नेटवर्क'चीही तीच कथा. 'जाळे' म्हटले की मराठी मनात कोळी किंवा कोष्टी उभा राहतो, संगणक राहत नाही. म्हणून पुढील विवेचनात रूढ शब्दच वापरले आहेत. ज्या शब्दाने छताखाली उभा असलेला शिपाई मदतीला येऊ शकतो, तो शब्द कोशातल्या शब्दापेक्षा त्या क्षणी अधिक उपयोगी असतो.

विवेचनाला एक उदाहरण डोळ्यांसमोर असावे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी आपले संगीतशास्त्रीय लेखन मोठ्या प्रमाणावर मराठीत केले, आणि १९२६ साली लखनौत जी संगीतसंस्था त्यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज म्हणून उभी राहिली ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मराठी ग्रंथ आणि लखनौ यांचा हा संबंध इतका जवळचा आहे की, बख्शी का तालाब येथील एखाद्या सभागृहात भातखंड्यांच्या मराठी ग्रंथांवर व्याख्यान योजिले गेले तर त्यात आश्चर्य मानू नये. अशा व्याख्यानात पडद्यावर दोन गोष्टी दाखवाव्या लागतील : मराठी गद्याचे उतारे आणि स्वरलिपीची पाने. या दोहोंचा प्रोजेक्टरच्या जोडणीशी काय संबंध आहे, हे पुढे दिसेल.

जोडणीच्या बाबतीत सर्वांत आधी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण बहुतेक गोंधळ तो न केल्यामुळे होतो. प्रोजेक्टरकडे दोन वाटा जातात. एक चित्राची वाट, दुसरी बोलण्याची वाट. संगणकातील पान चित्राच्या केबलने जाते. प्रोजेक्टरला 'चालू हो', 'बंद हो', 'कसा आहेस' हे विचारणे नेटवर्कच्या केबलने जाते. एक वाट तुटली तरी दुसरी चालू राहू शकते. पडद्यावर चित्र स्वच्छ दिसत असताना नेटवर्कवरून प्रोजेक्टर सापडत नाही, असे होते. आणि नेटवर्कवरून तो अगदी आज्ञाधारकपणे उत्तरे देत असताना पडदा कोरा, असेही होते. गोंधळात भर अशी की, अनेक प्रोजेक्टर चित्रसुद्धा नेटवर्कवरून घेऊ शकतात. तेव्हा दोन्ही वाटा एकाच दारातून आत येतात, पण त्या दोनच राहतात.

नेटवर्कची केबल टेलिफोनच्या जुन्या तारेच्या टोकासारख्या, परंतु किंचित रुंद आणि आठ संपर्क असलेल्या टोकाची असते. या प्रकारच्या तांब्याच्या केबलची मर्यादा साधारणपणे शंभर मीटर धरतात; कार्यालय एका इमारतीत आणि सभागृह पलीकडच्या इमारतीत असेल तर मध्ये स्विच ठेवावा लागतो. केबल खोचल्यावर बहुधा खाचेपाशी एक बारीक दिवा लागतो. तो लागला नाही तर पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही. हे सांगण्याइतके क्षुल्लक वाटते. तरीही मेन्यूतील आकडे तासभर बदलून झाल्यावर केबलचे दुसरे टोक भिंतीतल्या मृत खाचेत होते, असे निष्पन्न झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

यानंतर पत्ता. नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. प्रचलित पद्धतीत तो चार संख्यांचा असतो, आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. संस्थेच्या आतील यंत्रांसाठी राखून ठेवलेले काही पत्ते आहेत, त्यांपैकी १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. हा पत्ता दोन रीतींनी मिळतो. एक तर राउटर किंवा सर्व्हर तो आपण होऊन वाटतो, किंवा प्रोजेक्टरच्या मेन्यूत तो हाताने लिहिला जातो. आपोआप मिळणारा पत्ता सोयीचा खरा, परंतु तो धर्मशाळेतील खोलीसारखा असतो : आज ही, उद्या दुसरी. काल ज्या पत्त्यावर प्रोजेक्टरने उत्तर दिले त्यावर आज एखादा छापयंत्र बसलेला असू शकतो. हाताने लिहिलेला पत्ता कायम राहतो. मात्र तो कोणाला न विचारता लिहिला आणि तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला दिला गेलेला असला, तर दोघांचेही बोलणे खुंटते. यावर चांगला तोडगा असा की, प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच मिळालेला जो बारा चिन्हांचा ओळखक्रमांक असतो तो नेटवर्क सांभाळणाऱ्याला कळवावा आणि त्या क्रमांकासाठी एक पत्ता राखून ठेवण्यास सांगावे. पूर्वीच्या घोड्यांचा डाग तो हाच. पत्ता बदलेल; डाग बदलत नाही.

पत्त्याबरोबर आणखी दोन आकडे मेन्यूत मागितले जातात. त्यांतील पहिला, बहुधा २५५.२५५.२५५.० असा, पत्त्याचा किती भाग मोहल्ल्याचा आणि किती भाग घराचा हे सांगतो. दुसरा मोहल्ल्याच्या वेशीचा पत्ता असतो. व्याख्यात्याचा संगणक आणि प्रोजेक्टर एकाच मोहल्ल्यात असतील तर वेशीचे काम पडत नाही. ते वेगवेगळ्या मोहल्ल्यांत असतील तर हे आकडे बिनचूक असलेच पाहिजेत, आणि वेशीवरच्या राखणदाराने दोघांमधील बोलण्याला परवानगी दिलेली असली पाहिजे.

वाय-फायने जोडताना तारेचा प्रश्न सुटतो व दुसरे तीन उभे राहतात. महाविद्यालयात येणाऱ्या पाहुण्याला जे वाय-फाय दिले जाते त्यात पुष्कळदा प्रत्येक यंत्र दुसऱ्यापासून मुद्दाम अलग ठेवलेले असते. इंटरनेट मिळते, पण शेजारचा दिसत नाही. व्याख्याता आणि प्रोजेक्टर एकाच नावाच्या वाय-फायवर असूनही एकमेकांना सापडत नाहीत याचे कारण बहुधा हेच असते. दुसरे असे की, काही संस्थांत वाय-फायला जोडल्यावर एक पान उघडते आणि त्यावर नाव व पासवर्ड लिहावा लागतो. प्रोजेक्टरला असे पान उघडून लिहिता येत नाही. तिसरी अडचण लहरींची. सगळेच प्रोजेक्टर दोन्ही प्रचलित पट्ट्यांवर ऐकत नाहीत. संस्थेचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवरच चालत असेल आणि जुना प्रोजेक्टर २.४ ओळखत असेल, तर ते नाव त्याच्या यादीत येणारच नाही. एकंदरीत, छताला टांगलेल्या आणि जागचा न हलणाऱ्या यंत्राला तारेनेच जोडणे शहाणपणाचे.

एवढे जमल्यावर संगणकाच्या ब्राउझरमध्ये प्रोजेक्टरचा पत्ता लिहिला की अनेक यंत्रे आपले स्वतःचे एक पान उघडून दाखवतात. ते इंटरनेटवरचे पान नव्हे. ते प्रोजेक्टरच्या पोटातच असते. पान उघडण्यास पासवर्ड लागतो, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड माहितीपुस्तिकेत छापलेला असल्यामुळे तो कोणालाही ठाऊक होऊ शकतो. तो न बदलणे म्हणजे सभागृहाची किल्ली दारालाच अडकवून ठेवणे होय. व्याख्यान ऐन रंगात आलेले असताना मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने प्रोजेक्टर बंद केला, तर त्याला दोष देण्यापूर्वी किल्ली कोठे होती हे पाहावे लागेल.

पान उघडलेच नाही, तर एक शक्यता आधी तपासावी. वीज वाचविण्यासाठी पुष्कळ प्रोजेक्टर बंद अवस्थेत नेटवर्कही बंद करतात. ते झोपले की बहिरे होतात. नेटवर्कवरून चालू करावयाचे असेल तर झोपेतही कान उघडे ठेवण्याची सोय मेन्यूत निवडावी लागते. ही निवड केलेली नसताना 'प्रोजेक्टर बिघडला' असा निष्कर्ष काढणे ही फार वेळा होणारी चूक आहे.

आता प्रत्यक्ष हजेरी. प्रत्येक कंपनीच्या प्रोजेक्टरची भाषा पूर्वी वेगळी असे. एकाच महाविद्यालयात तीन कंपन्यांचे प्रोजेक्टर असतील तर तीन भाषा शिकाव्या लागत. जपानमधील कार्यालयीन यंत्रांच्या उत्पादकांच्या संघटनेने या शतकाच्या पहिल्या दशकात पीजेलिंक नावाची एक समाईक बोली ठरवून दिली, आणि अनेक उत्पादकांनी ती स्वीकारली. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला ही घटना रंजक वाटावी. बोली लहान आहे. काही मोजके प्रश्न, काही मोजक्या आज्ञा आणि त्यांची ठराविक उत्तरे. संवाद साध्या अक्षरांत, ४३५२ क्रमांकाच्या दाराने होतो. पासवर्ड ठेवलेला असला तर तो उघडा पाठवला जात नाही : प्रोजेक्टर दर भेटीला एक नवा यादृच्छिक अंक देतो, आणि तो अंक व पासवर्ड मिळून बनविलेली खूण परत मागतो.

या बोलीतील शक्तीविषयक प्रश्नाला, म्हणजे 'चालू आहेस काय' या प्रश्नाला, होय किंवा नाही असे उत्तर मिळत नाही. उत्तरे चार आहेत. ० म्हणजे झोपलेला, १ म्हणजे दिवा लागलेला, २ म्हणजे थंड होत असलेला, ३ म्हणजे तापत असलेला. आपल्या व्याकरणातील अपूर्ण आणि पूर्ण काळांचा भेद येथे एका अंकात आला आहे. २ आणि ३ या अवस्थांत दिलेली आज्ञा प्रोजेक्टर नाकारू शकतो. 'आता वेळ नाही' असे सांगणारे वेगळे उत्तर त्यासाठी बोलीत ठेवलेले आहे. उतावीळ माणूस अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबतो, आणि त्याने मनात धरलेली अवस्था व यंत्राची खरी अवस्था यांचा मेळ कायमचा सुटतो.

दोषांविषयीचा प्रश्न याहून महत्त्वाचा. त्याचे उत्तर सहा अंकांचे असते आणि प्रत्येक अंकाची जागा ठरलेली असते : पंखा, दिवा, तापमान, झाकण, फिल्टर आणि इतर. जागेवर ० असेल तर दोष आढळलेला नाही, १ असेल तर इशारा, २ असेल तर दोष. ००००१० असे उत्तर आले तर पाचव्या जागेवरचा हजर इसम, म्हणजे फिल्टर, कुरकुरत आहे. ००१०१० आले तर तापमानानेही त्याला साथ दिली आहे, आणि या दोहोंचा कार्यकारणसंबंध सांगण्याची गरज नसावी. उत्तर प्रदेशच्या मैदानात मे-जून महिन्यांत पारा चाळिसांच्या पुढे जातो, लू वाहते, आणि तिच्याबरोबर धूळ येते. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालावेत अशा बेताने बनविलेले असतात. छतापाशी हवा खालच्यापेक्षा गरम असते. फिल्टर भरलेला असेल तर पंखा जोराने फिरूनही आतली उष्णता बाहेर जात नाही, आणि शेवटी यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी दिवा विझवते. श्रोत्यांना वाटते, अचानक झाले. पाचव्या जागेवरचा १ कदाचित पंधरा दिवस तेथे उभा असेल. त्याची हजेरी कोणी घेतली नाही, एवढेच.

दिव्याविषयी विचारले तर तो किती तास जळला आणि आता लागलेला आहे की नाही, हे कळते. जुन्या पद्धतीच्या पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य काही हजार तासांचे असते, लेसरवर चालणाऱ्या प्रोजेक्टरांचे वीस हजार तासांच्या आसपास सांगितले जाते. हा तासांचा आकडा मात्र सावधपणे वाचावा. दिवा बदलल्यावर मोजणी हाताने शून्यावर आणावी लागत असेल आणि ती आणली गेली नसेल, तर नव्या दिव्याच्या माथी जुन्याचे वय बसते. उलट, दिवा न बदलताच मोजणी शून्यावर आणता आली तर म्हाताऱ्याला तरुण म्हणून हजेरीपटावर चढविता येते. उसन्या घोड्याची युक्ती नाहीशी झालेली नाही.

आणखी एक प्रश्न व्याख्यात्याने अवश्य विचारावा. दिवा लागलेला असताना चित्र झाकून ठेवण्याची सोय प्रोजेक्टरात असते. कोणी चुकून ते बटण दाबले असेल तर शक्तीचे उत्तर १, दोषांचे उत्तर सहा शून्ये, आणि पडदा काळा. यंत्राच्या दृष्टीने सर्व ठीक असते, आणि ते खोटेही नसते. चित्र झाकले आहे काय, असे वेगळे विचारले तर तो सांगतो. कोणत्या खाचेतून चित्र घेत आहेस, हेही विचारावे. तो रिकाम्या खाचेकडे तोंड करून बसलेला असतो तेव्हाही दोष म्हणून काही नोंदवीत नाही.

येथपर्यंतचे सर्व प्रश्न प्रोजेक्टरच्या देहाविषयीचे आहेत. पडद्यावर उमटलेला मजकूर कसा आहे, याविषयी त्याला काही सांगता येत नाही, कारण त्याने तो पाहिलेलाच नसतो. मराठीच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते, आणि हिंदी प्रदेशात अधिकच.

मराठीतील ल आणि श यांची रूढ वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयी जो निर्णय काढला त्यात मराठीची वळणेच मान्य केली आहेत. संगणकाच्या संकेतप्रणालीत मात्र दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. कोणते वळण दिसावे हे फाँट आणि मजकुराला लावलेले भाषेचे चिन्ह मिळून ठरवितात. पुण्यात तयार केलेली फाइल लखनौच्या संगणकावर उघडली, त्यावर तो फाँट नसला, तर ल आणि श हिंदी वळणाने उमटतात. वाचनास बाधा येत नाही, परंतु लिपीवरील व्याख्यानाचा मुद्दाच नाहीसा होऊ शकतो. याहून गंभीर गोष्ट आहे ती 'ऱ्य'मधील अर्ध्या र-ची. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांत गुरू आणि स्वयंपाकी यांचे अंतर आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगरामधील खोलगट भाग यांचे. हिंदीत या चिन्हाची गरज नसल्यामुळे काही फाँटांत ते नीट बसविलेले नसते, आणि मग त्या जागी तुटके र, पायमोडके चिन्ह किंवा रिकामा चौकोन उमटतो. प्रोजेक्टरकडे विचारणा केली तर उत्तर तेच : सहा शून्ये.

स्वरलिपीचे पान तर याहून नाजूक. भातखंड्यांच्या लिपीत अक्षराखालची आडवी रेघ स्वर कोमल असल्याचे सांगते, मध्यमावरची उभी रेघ तो तीव्र असल्याचे. अक्षराखालचा बिंदू मंद्र सप्तक दाखवितो, वरचा बिंदू तार. म्हणजे एक ठिपका गळाला की स्वर एका सप्तकाने सरकतो, आणि एक रेघ गळाली की रागच बदलण्याची वेळ येते. ठिपके गळण्याची कारणे जोडणीतच दडलेली असतात. संगणकाचे चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे असते आणि जुना प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ बिंदूच दाखवू शकतो. मोठे चित्र लहान चौकटीत बसविताना सर्वांत बारीक ते आधी पुसट होते. चित्र नेटवर्कवरून पाठविले जात असेल तर ते वाटेत दाबून लहान केले जाते, आणि वाय-फाय मंद असेल तर आणखी दाबले जाते. छायाचित्राला हे सोसते. अक्षराच्या कडेला मात्र धुरकट कण उठतात, आणि त्या कणांत स्वरलिपीचा खरा बिंदू ओळखू येत नाही. म्हणूनच बोलण्याची वाट नेटवर्कने आणि चित्राची वाट थेट केबलने, ही विभागणी मजकूर दाखविणाऱ्याला सर्वांत सोयीची. संगणकाचे चित्र प्रोजेक्टरच्या मूळ बिंदुसंख्येवर आणून ठेवले म्हणजे उरलेले नुकसानही पुष्कळसे टळते. फाँट आत बांधलेली पीडीएफ नेल्यास अक्षरांची वळणे आणि अर्धा र दोन्ही शाबूत राहतात.

यंत्राजवळ माणूस बसत असे तेव्हा ही फारकत नव्हती. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. मायावी शंबरासुराची आठवण करून देणारे हे नाव त्यांच्या काळाला शोभणारे होते. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे कंदिलातून पडद्यावर टाकली जात आणि त्यांच्या जोडीला कथन व संगीत चाले. कंदील चालविणारा जे करी ते त्याला तत्क्षणी पडद्यावर दिसे. काच उलटी गेली, ज्योत मंदावली, तर ते त्याला कोणाला विचारावे लागत नव्हते. पुढे चित्रपटगृहांत ऑपरेटर भिंतीआडच्या खोलीत गेला. तरीही त्या भिंतीला झरोका ठेवलेला असे, आणि कार्बनच्या कांड्यांमधले अंतर हाताने सांभाळताना त्याची नजर झरोक्यातून पडद्याकडे वळे. चित्र अंधुक झाले आणि त्याचे लक्ष नसले, तर पिटातल्या शिट्या ते काम करीत. स्थितीची माहिती कळविण्याची ती पद्धत असभ्य होती, पण तिच्यात खोट नव्हती.

नेटवर्कने हा झरोका बुजविला असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकच माणूस वीस सभागृहांतील प्रोजेक्टरांची हजेरी एका जागी बसून घेऊ शकतो, दिवा संपण्यापूर्वी नवा मागवू शकतो, रात्री कोणी चालू ठेवून गेलेला प्रोजेक्टर घरून बंद करू शकतो. ज्या महाविद्यालयात शिडी आणावयास अर्धा तास लागतो तेथे याचे मोल फार आहे. फक्त त्या माणसाच्या पटावर जे स्तंभ नाहीत ते कोणी तरी पडद्यासमोर उभे राहून भरले पाहिजेत, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत तो कोणी म्हणजे मराठी वाचता येणारा माणूस. हिंदी वाचणाऱ्याला 'आचाऱ्यास' मोडके उमटले तर ते मोडके आहे हेच लक्षात येण्याचे कारण नाही.

म्हणून व्याख्यानाच्या अर्धा तास आधी एक चाचणीचे पान पडद्यावर टाकावे. त्यावर ल, श, ळ आणि ऱ्य ठळक व बारीक अशा दोन आकारांत असावेत; खाली कोमल, तीव्र, मंद्र आणि तार या चारही खुणांचे स्वर असावेत; चौकटीच्या चारही कोपऱ्यांत एकेक अंक लिहिलेला असावा, म्हणजे चित्राची कड कापली गेली आहे काय ते दिसेल. हे पान शेवटच्या बाकावर बसून वाचावे. त्याच वेळी ब्राउझरमध्ये प्रोजेक्टरचे पान उघडून फिल्टर व तापमान यांची नोंद पाहावी, दिव्याचे तास टिपून घ्यावेत, आणि पत्ता व ओळखक्रमांक एका चिठ्ठीवर लिहून व्यासपीठाच्या खणात ठेवावा. पुढच्या व्याख्यात्याला तो शोधावा लागू नये.

वीज जाण्याची शक्यता ज्या गावात आहे तेथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. पाऱ्याचा दिवा विझल्यानंतरही पंखा काही वेळ फिरत राहतो, आणि तो मध्येच थांबला तर दिव्याचे आयुष्य घटते. सभागृह इन्व्हर्टरवर असेल तर प्रोजेक्टरही त्याच्यावर आहे की केवळ दिवे-पंखे, हे आधीच विचारून घ्यावे. व्याख्यान संपल्यावर भिंतीवरचे बटण दाबण्याची घाई करू नये. प्रोजेक्टरला बंद होण्याची आज्ञा द्यावी, आणि शक्तीविषयक प्रश्नाचे उत्तर २ वरून ० वर येईपर्यंत, श्रोते चहाकडे वळलेले असले तरी, एकाने तेथे थांबावे.